तुबलीचा साक्षीदार

मनामामधल्या आमच्या ऑफिसात लोक पहिला प्रश्न उभ्यानंच विचारायचे. बसा म्हटलं तरी बसत नसत. एका हातात एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा आणि तोंडात एकच वाक्य, "केस होते का, तेवढं सांगा."

मी वकील नव्हतो. एका बहरीनी वकिलांकडे भाषांतरकार होतो. तिकडे वकिलांना 'उस्ताद' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना उस्तादच म्हणायचो. मी म्हसळा तालुक्यातला. शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, मग मदरशात अरबी, मग मुंबईत टायपिंग. एवढ्या शिदोरीवर टायपिस्ट म्हणून गेलो आणि पुढं कोर्टाची कागदपत्रं भाषांतर करायला लागलो. कोर्टाचं सगळं काम अरबीत. आपल्या लोकांना अरबी येते ती 'यल्ला' म्हणजे चल, 'खलास' म्हणजे संपलं, एवढीच. या दोन्हींच्या मध्ये एक टेबल होतं. नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं माझी त्या टेबलाशी गेली.

उस्तादांकडे अपघाताच्या आणि दवाखान्यातल्या चुकांच्या केसेस बऱ्याच यायच्या. उस्ताद कोर्टात असले की लोकांना पहिली उत्तरं मीच द्यायचो. ती इतकी पाठ झाली होती, की समोरचा बोलत असताना मी मनात पुढचं वाक्य तयार ठेवायचो. कामावर इजा झाली तर भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागतेच असं नाही. काम करताना लागलं, एवढं दाखवायचं. दवाखान्याचं तसं नाही. तिथं तीन गोष्टी लागतात. डॉक्टर चुकला, तुमचं नुकसान झालं, आणि ते नुकसान त्या चुकीमुळंच झालं. तिसरी गोष्ट सांगितली की लोक रागवायचे. "माझा पाय गेला तो दिसत नाही का तुम्हाला?" दिसायचा. पण पाय गेला म्हणजे डॉक्टर चुकला असं कोर्ट धरत नाही. दुसऱ्या डॉक्टरनं तसं लिहून द्यावं लागतं, आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध सहज लिहीत नाही. किती दिवस लागतील, हा प्रश्न तर प्रत्येकाचा. त्याला मी "इंशाल्ला, लवकर" म्हणायचो. ते खोटं होतं.

सगळ्याच गोष्टी काही दुःखाच्या नव्हत्या. बुसैतीनला एक शिंपी होता, हुसेन टेलर. तो एकदा फोटोच्या रोलची प्लास्टिकची डबी घेऊन आला आणि त्यातला दात त्यानं माझ्या टाइपरायटरवर ठेवला. "रहीमभाई, चांगला दात काढला माझा. दुखणारा तसाच आहे. हा पुरावा जमा करून घ्या." मी पावती द्यावी असंही त्याचं म्हणणं होतं. उस्तादांनी त्याला दुसऱ्या दंतवैद्याकडे पाठवलं. त्यानं सांगितलं, काढलेला दातही किडलेला होता आणि राहिलेलाही किडलेला आहे. हुसेननं तो दुसराही काढून घेतला, आणि पुढं वर्षभर माझ्या पँटी मुद्दाम उशिरा शिवून दिल्या.

पण असे हसण्याचे प्रसंग थोडे. या कामाचा एक परिणाम मला आधी कोणी सांगितला नव्हता. लोक ऑफिसात येऊन बायकोलाही न सांगितलेलं सांगायचे. अपघातानंतर कमरेखाली काही कळत नाही, ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नाही, असलं सगळं. मी ते अरबीत लिहायचो. मग तीच माणसं शुक्रवारी नमाजानंतर किंवा बाजारात दिसली, की मान वळवून पलीकडच्या फुटपाथला जायची. त्यांचा दोष नव्हता. मला बघितलं की त्यांना ते टेबल आठवत असणार. माझी खोली बुसैतीनला, एकट्याची. बायको आणि दोन मुलगे म्हसळ्याला. दोन वर्षांनी एकदा रजा. ओळखीचे शेकड्यानं होते, पण सुट्टीच्या दिवशी दार वाजवणारं कोणी नव्हतं.

अशात दत्ताराम आला. गुहागरकडचा कुणबी, तीस-बत्तीसचा, तुबलीला एका गॅरेजमध्ये डेंटर होता. म्हणजे ठोकून पत्रा सरळ करणारा. गाडीखाली काम करताना जॅक सरकला आणि उजवा हात कोपराखाली मोडला. गॅरेजच्या मॅनेजरनं त्याला ठरलेल्या खासगी दवाखान्यात नेलं, तिथं प्लास्टर घातलं आणि खोलीवर पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो सरकारी इस्पितळात गेला तेव्हा बोटं काळीनिळी झाली होती. तिथल्या सुदानी हाडांच्या डॉक्टरनं प्लास्टर कापलं. हाड नंतर जुळलं, पण बोटं तळव्याकडं वळून तशीच राहिली, पक्ष्याच्या पंजासारखी.

"रहीमभाई," दत्ताराम म्हणाला, "हातोडा धरायला बघतो तर बोटं ऐकतच नायत. मी आता काय करायचं?"

त्या सुदानी डॉक्टरला भेटायला मी आणि उस्ताद दोघं गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. मोडलेला हात सुजतो. प्लास्टर घट्ट असेल तर सुजेला जागा मिळत नाही, आतला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरतं. माणूस ओरडत येतो. आला की प्लास्टर लगेच सोडायचं असतं. "हा परत गेला होता का त्या दवाखान्यात?" त्यांनी विचारलं. "गेला असेल आणि त्यांनी प्लास्टर सोडलं नसेल, तर मी लिहून देतो. गेलाच नसेल, तर मी काय लिहू?"

दत्ताराम गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी. कंपाउंडरनं बोटांकडं बघून, सूज येतेच, हात वर धरून झोप, असं सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. पण दवाखान्याच्या फाइलमध्ये ही भेटच नव्हती. आम्ही नक्कल मागवली तर त्यात फक्त पहिला दिवस. दवाखान्याचं म्हणणं, पेशंट परत आलाच नाही, दुखत असताना घरी बसून राहिला, दोष त्याचा.

"तुझ्याबरोबर कोण होतं?" मी विचारलं.

"सर्जेराव. आमच्या गॅरेजात पेंटर हाय. त्यानंच नेला पिकअपमधून."

केस आता त्या एका माणसावर आली.

एका शुक्रवारी मी तुबलीला गेलो. गॅरेजांच्या रांगेमागं कामगारांच्या खोल्या होत्या, पलीकडं खाडीचा वास. सर्जेराव पाटण तालुक्यातला, चाळिशीचा, दाट मिशीचा. नखांत पांढरा रंग बसलेला. त्यानं मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उलट्या डब्यावर बसला. मी सगळं सांगितलं.

"कोर्टात?" तो म्हणाला. "आन मालकाला कळलं म्हंजे?"

"केस दवाखान्यावर आहे. तुझ्या मालकाचा त्याच्याशी काय संबंध?"

"संबंध न्हाई. पर व्हिसा त्येच्या हातात हाय न्हवं." तो नखांतला रंग खरवडायला लागला. "माझ्या दोन पोरी साळंत हायत, रहीमभाई. धाकटीला तर मी दोनदाच बघितलंय."

मी त्याला म्हणालो, "खरं तेच सांगायचं आहे. खरं सांगणाऱ्याला काही होत नाही."

हे वाक्य मला पाठ नव्हतं. कुठल्याही केसमध्ये उस्तादांनी ते कधी म्हटलं नव्हतं. मला दत्तारामचा हात दिसत होता, एवढंच. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. दत्ताराम काम नसल्यामुळं रोज दुपारी ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसायचा. डाव्या हातानं मराठी अक्षरं गिरवायचा, गुहागरच्या गोष्टी सांगायचा, मी डबा उघडला की अर्धा त्याला द्यायचो. कित्येक वर्षांनी माझ्यासमोर कोणी काम नसताना बसत होतं. ती केस मला जिंकायचीच होती. हे मी तेव्हा कोणाजवळ बोललो नाही.

सर्जेराव 'हो' म्हणाला. का म्हणाला, हे मला आजही नीट कळलेलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "त्यो ओरडत हुता तवा मीच हुतो गाडीत. दुसरं कोण सांगनार?"

कोर्टाचा दुभाषा हिंदीचा होता आणि सर्जेरावला हिंदी रंगकामापुरतीच यायची. म्हणून दोन्ही बाजूंनी मान्य केल्यावर मीच शपथ घेऊन शेजारी उभा राहिलो. भाषांतरकारानं साक्षीदाराचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. तो म्हणतो असं म्हणायचं नाही. वाक्य गाळायचं नाही, भर घालायची नाही, सुधारायचं नाही.

सुरुवात चांगली झाली. दवाखान्याचं दार कुठल्या बाजूला, कंपाउंडर कुठं बसला होता, त्यानं गोळ्या कशातून दिल्या, सगळं सर्जेरावनं सांगितलं. मग दवाखान्याचे वकील उठले. त्यांनी आधी एक प्रश्न विचारला. इतक्या महिन्यांनंतर तोच दिवस होता हे तुम्ही कशावरून सांगता?

सर्जेराव म्हणाला, "पान्याचा टँकर रंगवत हुतो. पांढरा. अर्ध्यात टाकून गेलो. परत आलो तवर रंगाचं वगळ खाली आलं हुतं, समदा घासून परत रंगवाय लागला. मॅनेजर लई वरडला. गॅरेजच्या कामाच्या वहीत बगा, त्यो टँकर दोनदा लिवलाय."

मी ते अरबीत सांगितलं. न्यायाधीशांनी वर बघितलं. असली गोष्ट कोणी रचून सांगत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. उस्तादांनी हळूच पेन खाली ठेवलं.

दवाखान्याच्या वकिलांनी मग विचारलं, "कामाच्या वेळेत मालकाची गाडी घेऊन गेलात. परवानगी कोणाची होती?"

सर्जेरावनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला खरं तेच सांगायला सांगितलं होतं.

"कुनाची न्हाई," तो म्हणाला. "मॅनेजर जेवाय गेला हुता. किल्ली भिताडाला हुती, घेतली. दत्ताराम मरत हुता, इचारत कुठं बसू?"

ते वाक्य मला गिळता आलं असतं असं मला कितीदा वाटलंय. 'घाई होती' एवढंच सांगितलं असतं, तर त्या खोलीत कोणाला कळलंही नसतं. पण मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द. "मालकाला न विचारता मी गाडी घेतली." माझ्याच तोंडून, 'मी' म्हणून. लेखनिकानं ते लिहून घेतलं.

केस आम्ही जिंकलो. गॅरेजची कामाची वही मागवली गेली, टँकर खरोखर दोनदा लिहिलेला निघाला, सुदानी डॉक्टरांनी लिहून दिलं, वैद्यकीय समितीनं दवाखान्याची चूक मान्य केली. अपील होऊन शेवटचा निकाल यायला दत्तारामला आणखी एक उन्हाळा थांबावं लागलं. हात काही परत मिळाला नाही, पण तो रिकाम्या हातानं घरी गेला नाही, एवढं झालं. गुहागरला गेल्यावर त्यानं डाव्या हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं. बाजारात मीठ-मसाल्याचं दुकान घातलं होतं त्यानं. दुपारी माझ्यासमोरची खुर्ची पुन्हा रिकामी झाली.

पण त्याच्या आधीच, साक्षीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, सर्जेराव ऑफिसात आला. पहिल्यांदाच. इतरांसारखा तोही उभाच राहिला. व्हिसा संपत होता आणि मॅनेजरनं सांगितलं होतं, पुढं करणार नाही. मालकाला कोणीतरी कोर्टातला कागद दाखवला होता. मालक फार रागावलाही नव्हता म्हणे. आज गाडी नेली, उद्या काय नेशील, एवढंच बोलला.

सर्जेराव म्हणाला, "रहीमभाई, ह्येची केस हुती का?"

मी उस्तादांच्या खोलीत गेलो. त्यांनी करार वाचला, चष्मा काढला, डोळे चोळले. मुदत संपली की पुढं ठेवायचं की नाही, ही मालकाची मर्जी. त्याला काढलेलं नाही, फक्त पुढं ठेवलेलं नाही. "मफी," ते म्हणाले. काही नाही. मग त्यांनी विचारलं, "साक्षीला यायच्या आधी तू त्याला काय सांगितलं होतंस?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि करार माझ्याकडं परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन मी सर्जेरावला म्हणालो, "नाही होत."

"आसू दे," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी त्याच्यासाठी दोन-तीन गॅरेजांत बोललो. सगळ्यांना आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र हवं होतं, आणि ते मिळणार नव्हतं. विमानतळावर सोडायला मी टॅक्सी केली. रस्त्यात आम्ही गावाकडं पाऊस किती झाला असेल यावर बोललो. उतरताना त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका." मी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर साक्षीदार म्हणून कोणाला तयार करायचं असलं की मी बोलायचं टाळायचो. उस्तादांनाच बोलायला सांगायचो.

पुढच्या रजेत मी घरी म्हसळ्याला चार दिवस राहिलो आणि पाचव्या दिवशी पाटणला निघालो. बायकोला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. कराडला एसटी बदलली आणि त्याच्या गावाच्या फाट्यावर उतरलो. सर्जेराव फाट्यावरच भेटला. एका शेडमध्ये टेम्पोच्या मागच्या फळीवर नंबर रंगवत होता. मला बघून ब्रश हातात तसाच धरून उभा राहिला. मग हसला. "दत्तारामचा हात कसा हाय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

घरी नेलं. पडवीत बसलो. त्याच्या बायकोनं चहा आणला. त्या उंच, बोलायला सरळ. मी तिकडचा म्हटल्यावर त्या आत गेल्या नाहीत, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमी तितलंच न्हवं? मग खरं सांगा. ह्यांची कंपनी बंद पडली म्हनत्यात. खरंच पडली का?"

मी सर्जेरावकडं बघितलं. तो कपातल्या चहाकडं बघत होता. मला लगेच कळलं, त्यानं घरी काहीच सांगितलेलं नाही. 'हो वहिनी, पडली,' हे माझ्या ओठांवर आलं होतं. तो तेच मागत होता.

पण त्या पुढं म्हणाल्या, "गावात कोन कोन म्हनतंय, ह्यांनी चोरी केली म्हनून धाडून दिलं. मी कुनाला काय बोलत न्हाई. पर दोन वर्सं झाली, माज्या मनातून जाईना झालंय."

मग मी कप खाली ठेवला. "वहिनी, कंपनी बंद पडली नाही. चोरीही नाही. एका माणसाचा हात गेला होता. यांनी कोर्टात साक्ष दिली. मी द्यायला लावली. काही होणार नाही असं मीच सांगितलं होतं."

सगळं सांगितलं. प्लास्टर, पिकअप, टँकर. संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या मानसाचा हात बरा झाला?"

"नाही."

त्या माझ्याकडं बघेनातच. नवऱ्याकडं बघत राहिल्या. "ह्ये मला सांगाय काय झालं हुतं?"

सर्जेराव म्हणाला, "तू म्हनली आसतीस, आपलं बगायचं सोडून..."

"म्हनलंच आसतं!" त्यांचा आवाज चढला. "म्हनले आसते आन गप बसले आसते. त्यापायी दोन वर्सं मला चोराची बायको करून ठेवलीस व्हय?"

मी उठलो. जातो म्हणालो. दोघांनाही ते ऐकू गेलं नसावं. चपला घालून अंगणात आलो तेव्हा आत त्या जोरात बोलत होत्या, आणि तोही आता बोलायला लागला होता. मध्येच त्या रडल्या, मध्येच त्यानं काहीतरी म्हटल्यावर त्याच रडण्यात हसल्यासारखा आवाज आला. मी कुंपणाशी थोडा थांबलो. आपण थांबू नये हे कळत होतं, तरी थांबलो. मग फाट्याकडं निघालो. बराच वेळ मागून त्यांचं भांडण ऐकू येत होतं, आणि ते ऐकू यायचं बंद होऊ नये म्हणून मी सावकाश चालत होतो.